न्यूयॉर्क सावनेरच्या उजवीकडे

नागपुरात कुणालाही अमेरिकेची दिशा विचारा. हात अमरावती रोडकडे जाईल, वाडीच्याही पुढे, मावळतीला. त्यात त्याची चूक नाही. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पार डाव्या टोकाला असते आणि आपण बोलतोही ‘पाश्चिमात्य देश’ असंच. पण नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून न्यूयॉर्कला सगळ्यात जवळच्या वाटेनं जायचं, तर विमानानं तोंड उत्तरेला करायचं आणि तिथून फक्त २२ अंश डावीकडे वळायचं. शहरातल्या झिरो माइलच्या खांबापाशी (जुन्या काळी अंतरं मोजायचा दगड) उभं राहिलं की सावनेर हे गाव उत्तरेपासून तीसेक अंश डावीकडे येतं. म्हणजे न्यूयॉर्क सावनेरच्याही उजवीकडे. सॅन फ्रान्सिस्को तर उत्तरेच्या दुसऱ्याच अंगाला पडतं, १९ अंश उजवीकडे, पारशिवनी-पेंचच्या बाजूला. एकाच देशातली दोन शहरं, आणि त्यांच्या वाटा उत्तर दिशेच्या दोन बाजूंनी फुटतात.

पटत नसेल तर दोरा आणि पृथ्वीचा गोल घ्यावा. गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा असला तर त्याचा घेर साधारण ९४ सेंटीमीटर भरतो आणि एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक नागपूरवर धरायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणायचं. सैल दोरा अरबस्तान, आफ्रिका असा लोंबतो. ताणला की सरकत सरकत वर जातो. पुरता ताणल्यावर तो हरियाणावरून, पाकिस्तानच्या उत्तर भागातून, ताजिकिस्तान, कझाकस्तान आणि रशिया ओलांडत फिनलंड-स्वीडनच्या माथ्यावर पोचतो. नॉर्वेच्या पलीकडच्या समुद्रात ६९ अंश उत्तर अक्षांश गाठून खाली उतरायला लागतो, ग्रीनलंडचा दक्षिण भाग आणि कॅनडा पार करून न्यूयॉर्कला टेकतो. लांबी भरते पावणेतीस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे १२,६०० किलोमीटर.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ भरूच-बडोद्याच्या अंगानं निघते, अरबी समुद्र, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया करत अटलांटिकमध्ये शिरते. दिसायला सरळ, पण लांबी १४,६०० किलोमीटर. दोन हजार किलोमीटर जास्त! दोष नकाशाचा. १५६९ मध्ये मर्केटर या नकाशाकारानं तो जहाजांसाठी बेतला होता, होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावं म्हणून. ते काम तो चोख करतो. अंतर मोजायला त्याला जुंपलं ते आपण.

याचा नागपूरकरांच्या दृष्टीनं मोठा परिणाम वेगळाच आहे. मुंबई नागपूरच्या पश्चिमेला, हवाई अंतरानं ६८३ किलोमीटर. (समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. रस्त्यानं हवाई अंतराच्या इतकं जवळ जावं ही गोष्ट कौतुकाचीच. रेल्वेला त्याच मुंबईसाठी ८३७ किलोमीटर पडतात.) तेव्हा अमेरिकेला जाणारा मुंबईला पोचला की पावणेसातशे किलोमीटरची मजल मारली, असं घरच्यांना वाटतं. पण मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर १२,५३० किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईपर्यंत जाऊन न्यूयॉर्क जवळ आलं ते साठ-सत्तर किलोमीटरनी, नागपूर-वर्धा एवढ्यानं. उरलेली सगळी मजल आडवी झाली. ‘पश्चिमेलाच तर जायचं आहे न,’ हे वाक्य इथं फसतं.

दिल्लीचं याच्या उलट. नागपूर-दिल्ली साडेआठशे किलोमीटर, दिल्ली-न्यूयॉर्क ११,७६०. बेरीज १२,६१०. सरळ वाटेपेक्षा जेमतेम दहा किलोमीटर जास्त. दिल्ली जवळजवळ रेघेवरच बसलेली आहे. दोहावरून गेलं तर नागपूर-दोहा २,८४० आणि पुढचे पावणेअकरा हजारांच्या वर मिळून तेरा हजार सहाशे होतात, म्हणजे हजार किलोमीटरचा वळसा. तरीही दोहाचं तिकीट कित्येकदा सोयीचं ठरतं. त्याचं कारण भूगोलात नाही, थांब्याच्या तासांत आहे. त्याकडे पुढे येऊच.

भारतापुरता विचार केला तर नागपूरचं मधोमध असणं खरंच कामाला आलं होतं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं रात्री सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. अंतरं पाहिली तर ही निवड का झाली ते कळतं: मुंबई ६८३, दिल्ली ८५३, चेन्नई ९०८, कोलकाता ९८५. चारही टोकांना हजाराच्या आत. त्या काळच्या डाकोटा विमानाला तीन-साडेतीन तासांचा पल्ला. झिरो माइलच्या दगडावरही हैदराबाद ३१८ मैल कोरलेलं आहे, म्हणजे ५१२ किलोमीटर. विमानाला सोनेगाव ते हैदराबादचा शमशाबाद विमानतळ ४३३ पुरतात, तेही शमशाबाद हैदराबादच्या पलीकडे, दक्षिणेला असताना. दगडावर रस्ता मोजलाय, तिकिटावर आकाश.

आता हे आकडे काढायचे कसे? अवघड नाही. दहावीनंतर गणिताला रामराम केलेल्या माणसालाही कॅल्क्युलेटरवर जमेल. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे: सोनेगाव २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक १५२.८३ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा, तो ०.२३४४ येतो. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार, तो उणे ०.६२९९. बेरीज उणे ०.३९५५. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन ११३.३ अंश. पृथ्वीच्या पोटातून पाहिलं तर या दोन गावांमध्ये एवढा कोन आहे. पृष्ठभागावरचा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, त्यानं गुणलं की १२,५९८. यातला शेवटचा आठ फारसा मनावर घेऊ नये. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर तर ध्रुवाशी ६,३५७. तिला नितळ गोल धरल्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक होऊ शकते, म्हणजे इथे साठेक किलोमीटर. १२,६०० म्हणावं आणि पुढे जावं.

चुका होतात त्या वेगळ्याच जागी. पहिली, कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या मापावर राहून जातो आणि उत्तर काहीच्या बाही येतं. ही चूक बरी, कारण लगेच दिसते. दुसरी, अंश-कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि दशांश यांची गल्लत. ४० अंश ३८ कला म्हणजे ४०.३८ नव्हे, ४०.६३. पाव अंशाची ही चूक २८ किलोमीटरची असते आणि ती दिसत नाही. तिसरी सगळ्यात गमतीची: पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरणं. न्यूयॉर्कचे ७३.७८ पूर्व धरले की मुक्काम किर्गिझस्तानात ओश शहराच्या आसपास पडतो आणि अंतर येतं सव्वादोन हजार किलोमीटर. चौथी मैलांची. आपला रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, वैमानिकांचा सागरी मैल १.८५२ चा. तेच १२,६०० किलोमीटर एका मापानं ७,८३० मैल होतात आणि दुसऱ्यानं ६,८००. दोन संकेतस्थळांवर दोन आकडे दिसले की आधी माप बघावं, मग भांडावं.

अंतर असं कागदावर मिटतं. वेळेचं तसं नाही.

लांब पल्ल्याचं विमान आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगानं उडतं. ३५,००० फुटांवर हवा उणे ५४ अंश असते आणि तिथं आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६७ किलोमीटर, म्हणून विमानाचा ९०० च्या आसपास. नागपूर-मुंबईला जाणारी एअरबस ए३२० याहून सावकाश, ०.७८ पट, ८३० च्या जवळपास. मग दिल्ली-न्यूयॉर्कचे ११,७६० भागिले ९०० म्हणजे तेरा तास. पण हा वेग हवेतला आहे आणि हवा स्वतः वाहत असते. वाटेत सरासरी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ८४० होतो आणि चौदा तास लागतात. तोच वारा पाठीशी असला तर ९६०, सव्वाबारा तास. जाता-येता फिट्टंफाट होईल असं वाटतं, पण तसंही होत नाही: बेरीज सव्वीस तासांहून थोडी जास्तच भरते, कारण वारा समोर असताना विमान त्याच्या तावडीत जास्त वेळ असतं.

उत्तर गोलार्धात वरच्या थरातले जोरकस वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात उत्तर भारतावर हा जेट प्रवाह असा काही जोर धरतो की दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेलं विमान सुरुवातीलाच त्याच्या तोंडाशी सापडतं. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडून येणारा जेट असतो. नागपूर या दोघांच्या मधल्या पट्ट्यात येतं. म्हणून त्याच मार्गावरच्या विमानाची वेळ हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रकात वेगळी छापलेली दिसते. ती छपाईची चूक नसते.

वाऱ्यासाठी माणसं वाट वाकडी करतात याचं उत्तम उदाहरण एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं, १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर वाढले आणि प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर संपला. भागाकार करून पाहा: ताशी १,०५५ किलोमीटर, विमानाच्या स्वतःच्या वेगापेक्षा दीडशेनं जास्त. ते दीडशे वाऱ्याचे. जवळची वाट लांबची आणि लांबची जवळची, हे आपल्याकडे घाटरस्त्यांबद्दल म्हणतात तेच.

तिकिटावर छापलेली वेळ ही हवेतली वेळही नसते. विमानाच्या चाकांखालचे अडसर निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा तो काळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, उड्डाणासाठी रांगेत थांबणं आलं, उतरण्याआधी आकाशात घिरट्या आल्या. नागपूर-मुंबईचे ६८३ किलोमीटर पूर्ण वेगानं पन्नास मिनिटांत कापले जावेत, पण छापलेली वेळ दीड तासाच्या घरात असते. चढण-उतरण कमी वेगानं होते आणि मुंबईच्या आकाशातली गर्दी वेळापत्रक करणाऱ्याला माहीत असते. म्हणूनच ‘विमान वीस मिनिटं आधी पोचलं’ या घोषणेनं फार भारावून जाऊ नये. ती वीस मिनिटं आधीच उसनी धरलेली असतात.

मग राजकारण. वर सांगितलेली सरळ वाट पाकिस्तानवरून जाते. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै ती बंद होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं. असं झालं की गणित सगळं फिरतं. दिल्लीहून निघून मस्कतवरून वळसा घातला असं धरलं तर न्यूयॉर्कपर्यंत १३,२८० किलोमीटर होतात, दीड हजार जास्त. मुंबईहून त्याच वळणानं १२,९१५, म्हणजे वाढ चारशेच्याही आत. नागपूरहून मोजलं तर दिल्लीमार्गे १४,१३०, मुंबईमार्गे १३,६००. जी मुंबई मघाशी आडवाटेची होती ती आता पाचशे किलोमीटरनी जवळची झाली, आणि हे एका सूचनेनं, रातोरात. दीड हजार किलोमीटर म्हणजे पावणेदोन तास, आणि बोइंग ७७७ तासाला सात-आठ टन इंधन पिते. शिवाय जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. वाहिलेल्या वजनाच्या तीन-चार टक्के दर तासाला जळतं. टाकीत तेवढी जागा किंवा विमानात तेवढी ताकद उरली नाही की मधे युरोपात इंधनासाठी उतरावं लागतं आणि थेट विमान नावापुरतं थेट राहतं.

रशियाचंही असंच. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या बहुतेक कंपन्यांना त्याचं आकाश बंद, भारतीय कंपन्यांना खुलं. हेलसिंकी-टोकियो हा फिनलंडच्या कंपनीचा साडेनऊ तासांचा प्रवास तेव्हापासून तेरा तासांवर गेला.

बंदी नसली तरी डोंगर असतात. विमानातली हवा अचानक गळाली तर प्रवाशांच्या मुखवट्यांना प्राणवायू साधारण पंधरा मिनिटं पुरतो, आणि तेवढ्यात १०,००० फुटांपर्यंत खाली यायचं असतं. खाली २०,००० फुटांची शिखरं असतील तर येणार कुठं? म्हणून हिंदुकुश किंवा तिबेटवरच्या वाटांवर सुटकेचे मार्ग आधी आखलेले असतात, आणि काही वाटा विमानं टाळतातच. पडद्यावर विमान उगाच वळताना दिसलं तर बहुतेक वेळा कारण यातलंच एखादं असतं.

नागपूरहून सरळ अमेरिकेला विमान का नाही, हा प्रश्न इथल्या लग्नसमारंभांत हमखास निघतो आणि उत्तर ‘राजकारण’ असं ठरतं. प्रवासी पुरेसे मिळतील का हा भाग मोठा आहेच, पण एक भाग आपल्या उन्हाचाही आहे. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजार-एक फूट उंच, धावपट्टी ३,२०० मीटर. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा विरळ होते, आणि पंखांना ती जवळपास ५,००० फुटांवरच्या हवेसारखी लागते. म्हणजे दुपारी दोन वाजता सोनेगावची धावपट्टी विमानाच्या लेखी महाबळेश्वरापेक्षा उंचावर असते. पंखांना उचल कमी, इंजिनांना जोर कमी, धाव मात्र जास्त लांब हवी. शंभर टनांवर इंधन भरलेलं विमान अशा वेळी काढायचं तर माणसं किंवा सामान कमी करावं लागेल. परदेशी विमानं रात्री-पहाटे निघतात त्यामागे पलीकडच्या विमानतळाच्या वेळा असतात, पण गार हवेचा फायदाही असतोच.

घड्याळाचा हिशेब बाकी सोपा, फक्त एकाच घड्याळावर आणायचा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. समजा जानेवारीत दिल्लीहून पहाटे २.३० ला निघालं आणि तिथं सकाळी ७.३० ला उतरलं. तिकीट पाहणाऱ्याला पाच तास दिसतात. ७.३० मध्ये साडेदहा मिळवा: आपल्याकडचे संध्याकाळचे सहा. प्रवास साडेपंधरा तासांचा. परतताना दुपारी १२.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला दिल्ली; दिसतात चोवीस, असतात साडेतेरा. मुलाला सोडून आलेल्या आईवडिलांनी ‘पोचला का’ म्हणून फोन कधी करायचा, ते या बेरजेवरून ठरवावं. छापलेल्या वेळा वाचून नव्हे.

आणि शेवटी थांब्याचा हिशेब. साडेपंधरा तासांच्या आधीचे नागपूर-दिल्लीचे दोन तास बिनमहत्त्वाचे वाटतात, पण सगळा प्रवास तिथंच नासतो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर पहिलं उशिरा पोचल्यावर पुढची सोय करणं कंपनीचं काम. स्वस्तात पडतात म्हणून वेगवेगळी काढली तर दिल्लीला सामान स्वतः उचलायचं, पुन्हा रांगेत लावायचं, आणि पुढचं विमान चुकलं तर पैसे गेले. मुंबईत त्यात टर्मिनल बदलण्याचीही भर: देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरलं आणि पुढचं टर्मिनल २ वरून असलं तर बाहेर पडून रस्त्यानं जावं लागतं. एका तिकिटावरही सामान अमेरिकेत पहिल्या उतरत्या विमानतळावर सहसा घ्यावं लागतं. तिथून पुढे शिकागो-डॅलसचं विमान असेल तर त्या थांब्याला तीन तास तरी हवेत.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचा हिशेब वेगळा. धुकं उत्तररात्री दाटतं आणि सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. पहाटेच्या अमेरिकेच्या विमानासाठी रात्री अकराला दिल्लीत उतरणारं विमान घेणं म्हणजे धुक्याशी पैज लावणं. दुपारचं घ्यावं, विमानतळावर सहा-आठ तास बसावं, घरून नेलेले पराठे तिथंच संपवावेत. याच दिवसांत दोहाचा हजार किलोमीटरचा वळसा सोयीचा ठरू शकतो: नागपूरहून निघालं की दिल्लीच्या धुक्याचा संबंधच येत नाही, आणि सामान सोनेगावला दिलं ते थेट न्यूयॉर्कच्या पट्ट्यावर.